चार चिठ्ठ्यांपैकी आधी कुठली? सत्तरीतल्या एका बाळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान गावातले आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम आणि त्यामागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. मुलाला घरात बाबू म्हणतात, इथेही बाबूच म्हणू.

बाबू बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन दीड किलो. तीन आठवड्यांहून जास्त काळ तो पेटीत होता. कावीळ झाली, प्रतिजैविके द्यावी लागली, सुरुवातीला ऑक्सिजनही लागला. घरी सोडताना मिळालेल्या कागदांत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती आणि ती ठीक होती. ऐकण्याच्या प्राथमिक ओएई चाचणीपुढे मात्र दोन्ही कानांसाठी ‘रेफर’ (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) आणि त्याखाली ‘तीन महिन्यांनी पुन्हा’ असे लिहिले होते.

ती चाचणी पुन्हा झाली नाही. तीन महिन्यांनी आई माहेरी होती. बाबूला लसी जवळच्या आरोग्य केंद्रात मिळत होत्या आणि तिथल्या कार्डावर कानाचा उल्लेख नव्हता. सुटीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात. बहिरेपणाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा क्रम जगभर मानला जातो. पेटीत राहिलेल्या, प्रतिजैविके घेतलेल्या आणि कावीळ झालेल्या बाळाला हा क्रम इतरांपेक्षा जास्त लागू होतो. बाबूच्या बाबतीत पहिली पायरी झाली आणि पुढची दोन वर्षे काहीच झाले नाही.

बाबा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, पाळ्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. आई काजू फोडण्याच्या कारखान्यात, जितके किलो तितके पैसे. दिवसभर बाबू आजीजवळ. घरात बोलणे कोंकणीत, आजीची भजने-आरत्या मराठीत, दवाखान्याचे सगळे कागद इंग्रजीत.

प्रश्न कसा समोर आला

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गटांतल्या ३० स्थितींसाठी त्यात मुलांची तपासणी होते. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि सहा वर्षांखालच्या ज्या मुलांत शंका येते त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. कागदावर ही साखळी नीट आहे. अडचण अशी की अंगणवाडीत रोज येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालच्यांचा संबंध बहुतेक घरी न्यायच्या आहारापुरता, तोही आई किंवा आजी येऊन घेऊन जाते. ज्या वयात मेंदूवर उपचाराचा सर्वात जास्त परिणाम होतो, त्या वयाची मुले पथकाच्या नजरेस पडतीलच असे नाही.

बाबू नजरेस पडला, कारण जूनमध्ये पथक आले त्याच दिवशी आहाराचे वाटप होते आणि आजी त्याला कडेवर घेऊन आली होती. वय बावीस महिने. आठ आठवडे आधी जन्मल्यामुळे तुलनेसाठी धरायचे वय वीस महिने. तरीही तो आधाराशिवाय चालत नव्हता, आणि धरून उभा राहिला की टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. एकही शब्द नव्हता. सेविकेने दोनदा हाक मारली, तो वळला नाही. पथकातल्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटे दिली आणि चार चिठ्ठ्या लिहिल्या: फिजिओथेरपी, कान, डोळे, आणि स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) शंकेसाठी मानसतज्ज्ञ.

आजीचे म्हणणे होते, “आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. ह्याचा बापूस चार वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता.” ती चुकीचे बोलत नव्हती. बाबा खरेच उशिरा बोलले होते. पण बाबा वेळेवर चालले होते आणि हाकेला वळत होते. हा फरक तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या गेल्या आणि पथक पुढच्या अंगणवाडीत गेले.

जुलैच्या मासिक बैठकीत सेविकेने हे प्रकरण आम्हा समन्वयाचे काम करणाऱ्यांपुढे मांडले तेव्हा चारही चिठ्ठ्या घरात तशाच होत्या.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सूर असा होता की कुटुंब उदासीन आहे. मला तो मान्य नव्हता, आणि घरी गेल्यावर तो टिकलाही नाही. आईने एक चिठ्ठी घेऊन जायचा प्रयत्न केला होता. पहाटे उठून, दोन बस बदलून पोचली तेव्हा कळले की त्या विभागाची मुलांची ओपीडी वेगळ्या वारी असते.

एक चिठ्ठी म्हणजे एक फेरी नसते. केसपेपर आणि पहिली तपासणी ही एक फेरी, चाचणीची तारीख ही दुसरी, अहवाल दाखवणे ही तिसरी. चार चिठ्ठ्यांच्या डझनभर फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरी म्हणजे आईचा एक खाडा. कारखान्यात महिन्यात थोड्या खाड्यांच्या पुढे गेले की जागा दुसरीला जाते. पावसाळ्यात सत्तरीतून निघालेल्या बसचा भरवसा नाही. आणि चार चिठ्ठ्यांपैकी कुठली तातडीची, कुठली थांबू शकते, हे कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. चारही सारख्याच कागदावर, सारख्याच शाईत.

गोव्यातली एक स्थिती बाहेरच्या वाचकांना माहीत नसते. देशात इतरत्र गावपातळीवर आशा कार्यकर्ती असते आणि तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जाणे हे तिचे ठरलेले काम असते. गोव्यात आशा नाहीत. इथे घरापर्यंत पोचायचे ते एएनएमने (आरोग्यसेविकेने) किंवा अंगणवाडी सेविकेने, त्यांची इतर सगळी कामे सांभाळून. त्यामुळे पाठपुरावा कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर इतर राज्यांतल्या पुस्तिकेत शोधून सापडत नाही. ते दर प्रकरणात ठरवावे लागते.

समोरचे पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले.

पहिला, चारही विभागांच्या तारखा एकाच वेळी घेणे. नियमाप्रमाणे हेच बरोबर, आणि कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तर तयार असते. पण आईची नोकरी जाण्याची शक्यता सर्वात जास्त याच पर्यायात होती, आणि नोकरी गेली की पुढच्या महिन्यात सगळेच थांबले असते.

दुसरा, आई आणि बाबूने काही महिने पणजीजवळ मेरशीला आत्याकडे राहणे. आत्या तयार होती. पण तिची भाड्याची एक खोली, आणि दिवसभर बाबूला सांभाळणारी आजी गावात.

तिसरा, खाजगी थेरपी. वेळ सोयीची मिळाली असती. पण हप्त्याला दोन सत्रांची फी आईच्या कमाईच्या निम्म्यावर जात होती. काका मदत करायला तयार होते, पण किती महिने ते त्यांनाही सांगता येत नव्हते. मुलाची थेरपी सुरू होऊन तिसऱ्या महिन्यात बंद पडली की पालक दुसऱ्यांदा उभे राहत नाहीत, हे मी इतर घरांत पाहिले आहे.

चौथा, क्रम लावणे. एक गोष्ट आधी, एक गोष्ट घरात, बाकीच्या जाणीवपूर्वक मागे. यात जबाबदारी आमच्यावर येत होती, कारण मागे ठेवलेल्या गोष्टीचे काही बिघडले तर तो आमचा निर्णय ठरणार होता.

आम्ही चौथा घेतला. समन्वय म्हणजे सगळ्या सेवा जोडून देणे असे आमच्या प्रशिक्षणांत शिकवले जाते. माझे मत असे की कुटुंबाकडून या महिन्यात काय मागायचे नाही, हे ठरवणे हा त्या कामाचा अवघड भाग आहे, आणि तो कुणीच स्वतःहून करत नाही. प्रत्येक विभाग आपल्यापुरता बरोबर असतो.

पहिला निर्णय: कान आधी

कान पहिले ठेवण्याचे कारण सरळ होते. ऐकू येते की नाही हे कळल्याशिवाय वाचा उपचाराची दिशा ठरत नाही, स्वमग्नतेच्या चाचणीचा अर्थ लागत नाही, आणि हाकेला न वळण्याचे कारण हवेतच राहते. शिवाय कपाटातल्या पिशवीतून ‘रेफर’ लिहिलेला तो कागद आता बाहेर आला होता. तो सेविकेने शोधला. आम्ही सगळे चिठ्ठ्या वाचत होतो, तिने आजीला विचारले, “पेटीतून घरी आणला तेव्हाचे कागद आहेत का?”

डोळ्यांची चिठ्ठी कानाच्या दिवसालाच जोडली. जुनी पडदा तपासणी ठीक असल्यामुळे घाई नव्हती, आणि एकाच इमारतीत दोन्ही होणार होते.

चाचणी ठरली ती बेरा. कानापासून मेंदूपर्यंत आवाजाचा संदेश पोचतो की नाही ते त्यात कळते. पेटीत राहिलेल्या बाळांसाठी नुसत्या ओएईवर थांबू नये, कारण कान ठीक पण पुढची नस काम करत नाही असे या मुलांत होऊ शकते आणि ओएई ते पकडत नाही. बेरासाठी मूल गाढ झोपलेले लागते.

इथे दोन महिने गेले. पहिल्या तारखेला सर्दी होती. दुसऱ्या वेळी बाबू पहाटेच्या बसमध्ये झोपला आणि रुग्णालयाच्या दारात टक्क जागा झाला. आईने पुन्हा निजवायचा प्रयत्न केला, पण त्याची झोप बसमध्येच संपली होती. झोपेचे औषध देण्याचा पर्याय सुचवला गेला. अपुऱ्या दिवसांचे मूल आणि छातीत थोडी घरघर, म्हणून डॉक्टरांना ते शक्यतो टाळायचे होते, आणि घरच्यांनाही भीती होती. आजीने ग्रामदैवताला कौल लावायचा आग्रह धरला. टीममधल्या एकीला वाटले की आणखी एक तारीख जाईल. आम्ही पुढची तारीख कौलाच्या नंतरची मागितली. कौल अनुकूल आला, आणि त्यानंतर आजीने कुठल्याच चाचणीला हरकत घेतली नाही. तो आठवडा वाया गेला असे मी म्हणणार नाही.

झोपेचा प्रश्न आत्याने सोडवला. आदल्या संध्याकाळी बाबू, आई आणि आजी मेरशीला मुक्कामाला गेल्या. बाबूला रात्री उशिरापर्यंत खेळवले, पहाटे लवकर उठवले, बांबोळीच्या रुग्णालयापर्यंतचा छोटा प्रवास आजीने गाणी म्हणत त्याला जागा ठेवून केला. चाचणीच्या खोलीत दूध पाजल्यावर तो झोपला आणि चाचणी औषधाशिवाय झाली. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली होती, बाबू पंचवीस महिन्यांचा होता. निकाल: दोन्ही कानांत सुमारे ५० डेसिबलची घट. म्हणजे जवळचा मोठा आवाज पोचतो, भांडे पडले की तो दचकतो, पण बोलण्यातले बरेचसे आवाज त्याच्यापर्यंत स्पष्ट येतच नाहीत. घरच्यांना तो बहिरा वाटला नाही याचे कारण हेच होते.

दुसरा निर्णय: पायांचे काम आजीकडे

कानाच्या तारखा चालू असताना पाय थांबवून ठेवायचे नव्हते. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात ठरावीक वारी फिजिओथेरपिस्ट येत. त्यांनी पोटऱ्यांतला ताठपणा पाहिला. पुढे बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही पायांचा सौम्य सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) असे निदान पक्के केले. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ही स्थिती ओळखीची आहे.

व्यायामाचा छापील कागद इंग्रजीत होता आणि तो आईला समजावून दिला गेला. दोन आठवड्यांनी काहीच फरक नव्हता. साहजिकच होते. आई संध्याकाळी सातला घरी येई, तेव्हा बाबू पेंगत असे. दिवसभर त्याच्याजवळ असणाऱ्या आजीला कुणी काही शिकवले नव्हते.

मग फिजिओथेरपिस्ट एकदा घरी आल्या. त्यांनी व्यायाम त्या घरात बसवले, आणि या प्रकरणातले सर्वात चांगले काम तेच. आजी बाबूला रोज तेल लावून ऊन पाण्याने आंघोळ घालत असे. पोटऱ्यांचा ताण त्यानंतर लगेच, स्नायू सैल असताना द्यायचा. पाटावर बसवून समोर खेळणे उंच धरायचे, म्हणजे तो टाचा टेकवून उठायला शिकेल. अंगणातल्या तुळशी वृंदावनाला धरून दोन्ही बाजूंनी फेऱ्या. पाय मागे दुमडून बसला की हळूच पुढे करायचे. सगळे आजीच्या हातांचे चित्रण करून मोबाईलवर ठेवले, सूचना तिच्याच बोलीत. तिला वाचता येत नव्हते ही अडचण त्यानंतर उरली नाही.

आजीच्या मालिशीत एक गोष्ट बदलावी लागली. ती पाय ओढून ‘मोकळे’ करत असे. जोराने ओढले की ताठ स्नायू अधिक ताठतो, हे तिला तिच्याच हाताखाली जाणवून दिले. तिने ते लगेच सोडले.

तिसरा निर्णय: स्वमग्नतेची चाचणी मागे ठेवणे

यावर टीममध्ये एकमत नव्हते, आणि आजही मला हा निर्णय सर्वात नाजूक वाटतो.

एम-चॅट हा पालकांना विचारायचा २० प्रश्नांचा संच आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. बाबूचे गुण मधल्या पट्ट्यात आले, म्हणजे शंका आहे, पुढे विचारा. चुकलेल्या उत्तरांपैकी काही थेट ऐकण्याशी बांधलेली होती: हाकेला वळणे, हातवारे न करता सांगितलेले समजणे. पण दोन तशी नव्हती. आवडलेली वस्तू तो बोटाने दाखवत नव्हता आणि हातातली वस्तू आणून कुणाला दाखवत नव्हता. ऐकू न येणारी मुलेही हे करतात.

मानसतज्ज्ञांचे म्हणणे होते की थांबू नका, यादी लांब आहे. माझे आणि ऑडिओलॉजिस्टचे (श्रवणतज्ज्ञांचे) म्हणणे होते की श्रवणयंत्रे लागण्याआधी केलेले मूल्यमापन पुन्हा करावे लागेल, आणि तोपर्यंत एक शब्द घराला चिकटेल. काकांनी आधीच मोबाईलवर चित्रफिती दाखवून आईची झोप घालवली होती.

ठरले ते असे: नाव यादीत आत्ताच घालायचे, मूल्यमापन यंत्रे लागून तीन महिने झाल्यावर. आणि बोट दाखवणे, वस्तू देणे-घेणे, नजरेला नजर हे खेळ आत्तापासून घरात सुरू करायचे. ते कुठल्याही निदानात उपयोगीच पडतात. नाव आधी घातले नसते तर मूल्यमापन आणखी बरेच लांबले असते. मानसतज्ज्ञांचा आग्रह तेवढ्यापुरता पूर्ण बरोबर होता.

याच सुमारास कुणीतरी आईला सांगितले की मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, पुढे शाळेत तेच लागणार. तिने प्रयत्नही सुरू केला होता. ज्या भाषेत आजीला अंगाईपासून रागावण्यापर्यंत सगळे येते, ती भाषा काढून घेतली तर मुलाच्या कानावर पडणारे बोलणेच कमी होते. दोन भाषांमुळे विलंब होत नाही. घरात कोंकणी, आजीची मराठी गाणी, जसे आहे तसेच राहू दे, असे आम्ही ठामपणे सांगितले.

चौथा निर्णय: यंत्रे आणि प्रमाणपत्र

श्रवणयंत्रांसाठी केंद्र सरकारची, दिव्यांगांना साधने देणारी अडिप योजना आहे, पण तिला ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘कमी ऐकू येणे’ याची व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट अशी आहे. बाबूची घट ५०. मोठ्या माणसाला ५० डेसिबलवर भाषा असते, तो ओठ वाचतो, संदर्भ लावतो. भाषा अजून शिकायची असलेल्या मुलाला ते शक्य नसते. तरी व्याख्या दोघांनाही एकच. कानाच्या आधारावर हा रस्ता बंद होता.

पायांच्या आधारावर प्रमाणपत्राचा अर्ज करता येत होता. घरच्यांना तो नको होता. “एकदा कागदावर आले की पुसत नाही,” बाबा म्हणाले. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. लहान वयात दिलेले प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असू शकते, पुन्हा तपासणी होते. आणि त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. सेरेब्रल पाल्सी त्यात धरलेला आहे, मर्यादा एक लाख रुपये आणि थेरपीच्या खर्चालाही जागा आहे. यापुढे आग्रह केला नाही. पाच महिन्यांनी, पायाला आधार देणाऱ्या स्प्लिंटचा खर्च समोर आला तेव्हा, बाबांनी स्वतः फोन करून अर्ज कुठे करायचा ते विचारले.

यंत्रांचा निम्मा खर्च एका धर्मादाय संस्थेने उचलला, निम्म्यासाठी बाबांनी कंत्राटदाराकडून उचल घेतली. डिसेंबरात यंत्रे लागली, तेव्हा बाबू अठ्ठावीस महिन्यांचा होता. पहिले दोन आठवडे तो ती उपटून फेकत होता. आजीने सुरुवात भजनाच्या वेळेपासून केली, अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. सत्तरीच्या दमट हवेत यंत्र लवकर बिघडते, म्हणून रात्री सिलिका जेलच्या घट्ट डबीत. बॅटऱ्या गावात मिळत नाहीत. त्या कुणी आणायच्या हे लिहून ठेवावे लागले, कारण एक आठवडा यंत्रे डबीतच राहिली होती आणि कारण फक्त बॅटरी संपल्याचे होते.

धागा कोणाच्या हातात

सुरुवातीला संपर्काची एकच व्यक्ती ठरवली: अंगणवाडी सेविका. तारखा, फोन, निरोप सगळे तिच्यामार्फत. एका साध्या वहीत प्रत्येक भेटीचे पान, पुढची तारीख आणि ‘सोबत काय न्यायचे’ हा रकाना. कुठल्याही विभागात आईने तोंडी इतिहास सांगायचा नाही, वही पुढे करायची. याचा लगेच फायदा झाला.

ऑक्टोबरात सेविकेला मतदार यादीच्या कामाला लावले. दीड महिना ती गावभर फिरत होती आणि आमच्या वहीत दोन पाने कोरी राहिली. स्प्लिंटच्या मापाची तारीख त्यातच हुकली. तिचा काही दोष नव्हता. पुढे अंगणवाडीच्या मदतनीसबाईंना वही समजावून दिली आणि त्यांनी ती सेविकेइतक्याच निगुतीने सांभाळली.

काय झाले

बाबू आता तीन वर्षांचा होऊन गेला आहे. स्प्लिंट घालून सपाट जागी स्वतः चालतो, बांधावर आणि उतारावर पडतो. वीस-पंचवीस शब्द आहेत, दोन शब्द जोडणे नुकते सुरू झाले आहे. ‘आजी, ये’ हे पहिले. अंगणवाडीत रोज दोन तास बसतो. यंत्रे लागून तीन महिन्यांनी झालेल्या मूल्यमापनात स्वमग्नता आढळली नाही, पण बोलण्यातला विलंब केवळ कानांनी समजावता येईल त्याहून जास्त आहे असे नोंदवले गेले. चार वर्षांचा झाल्यावर पुन्हा तपासणी आहे. बोट दाखवणे यंत्रे लागण्याच्या आधीच, घरातल्या खेळांत आले होते.

आईची नोकरी टिकली. तिचे किलो मात्र कमी झाले, आणि तो तोटा कुठल्याच योजनेच्या रकान्यात बसत नाही. बाबा पहिल्या सहा महिन्यांत एकदाही आले नव्हते. पाळी बदलून घेतल्यावर स्प्लिंटच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी केल्या.

वेगळे काय करता येईल

तीन वर्षांखालच्या मुलांची तपासणी आहाराच्या वाटपाच्या दिवसाला बांधता येते. त्याला नवा पैसा लागत नाही, फक्त पथकाचे वेळापत्रक आणि वाटपाचा दिवस जुळवावे लागतात. बाबूच्या बाबतीत जे योगायोगाने झाले ते ठरवून करता येईल. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे आणि धोक्याच्या खुणा चित्रांसह असतात. लसीच्या प्रत्येक भेटीत ते पान उघडले जावे.

नवजात विभागातून सुटणाऱ्या बाळाच्या राहिलेल्या चाचण्या त्या कार्डावरच लिहाव्यात, वेगळ्या कागदावर नाही. कार्ड प्रत्येक लसीला बरोबर जाते, सुटीचा कागद जात नाही. माझ्या मते बाबूची दोन वर्षे इथेच गेली.

चिठ्ठी देणाऱ्याने चिठ्ठीवर क्रम लिहावा: आधी, नंतर, थांबू शकते. डॉक्टरांना हे पंधरा मिनिटांत जमणार नाही असे म्हटले जाते. त्यांना जमणार नसेल तर चारही चिठ्ठ्या घराऐवजी आधी समन्वयकाकडे याव्यात.

बेराच्या पहिल्या दोन तारखांना मुक्कामाची सोय विचारलीच गेली नव्हती. लांबच्या तालुक्यातल्या लहान मुलासाठी झोपेची चाचणी म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची चाचणी, असे धरूनच तारीख घ्यावी. ज्यांना मेरशीला आत्या नाही त्यांचे काय, हा प्रश्न खुला आहे. रुग्णालयाजवळ एक-दोन रात्रींची निवाऱ्याची जागा असणे थेरपीइतकेच गरजेचे आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे पाठवणे अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पुढे पाठवण्याच्या पायरीत आशाचा सहभाग गृहीत धरलेला आहे. गोव्यात त्या जागी कोण, हे तालुक्यागणिक लेखी ठरले पाहिजे, आणि एकाऐवजी दोन नावे लिहिली पाहिजेत.

आणि पहिल्या बैठकीला आजी हवी होती. जी व्यक्ती मुलाला दिवसाचे दहा तास सांभाळते तिच्याशिवाय केलेली योजना घरात उतरत नाही.

सध्या हातात असलेले काम श्रवणयंत्र कानात बसवायच्या साच्याचे आहे. मूल वाढते तसा साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते आणि मूल यंत्र काढून टाकते, म्हणून या वयात तो काही महिन्यांनी बदलावा लागतो. पहिल्या साच्याचा खर्च धर्मादाय संस्थेने दिला, पुढच्यांची तरतूद नाही. प्रमाणपत्र आता हाती आले आहे, निरामयचा अर्ज भरला आहे. साचा त्यात बसतो का ते विचारले आहे. उत्तर येईपर्यंत पुढच्या साच्याचे माप घ्यायला बाबा पगाराच्या आठवड्यात जाणार आहेत आणि वही मदतनीसबाईंकडे आहे.